बांधावरून दिलेला होकार

घेवड्याच्या कारखान्यात त्यांचा हुद्दा होता पीक तपासनीस, पण तो फक्त पगारपत्रकावर. बाकी सगळे त्यांना नखवाले म्हणत. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं होतं. ते तासून टोकदार ठेवायचे आणि शेंग शिवणीवर धरून एका ओढीत उसवायचे. हंगामात ते नख हिरवट-काळं पडायचं, कितीही घासलं तरी निघायचं नाही. जेवायला बसताना बायको रोज म्हणायची, तो एक अंगठा तेवढा कारखान्यातच ठेवून येत जा.

काम साधं होतं, पण त्यावर सगळ्यांचं सगळं अडलेलं असे. घेवड्याच्या शेंगा एकदम पिकत नाहीत. खालच्या वाळून खडखडायला लागतात तेव्हा शेंड्याच्या अजून ओल्या असतात, आणि पाला तर दोघींनाही दाद न देता हिरवाच राहतो. असं पीक हार्वेस्टरमध्ये घातलं की ओला पाला यंत्रात गुंडाळला जातो, दाण्यांवर डाग पडतात आणि यंत्रवाला शिव्या घालत खाली उतरतो. म्हणून कापणीच्या आधी सहा-सात दिवस शेतावर तणनाशक फवारायचं. झाड मरतं, पाला-देठ तपकिरी होतात, सगळं शेत एका तारखेला कोरडं मिळतं. लोक त्याला 'झोपवणं' म्हणत. आमचं शेत परवा झोपवलं, असं कौतुकाने सांगत.

मात्र झोपवायचं कधी, यातच सगळी मेख होती. दाणा भरून झाला की झाडाचा आणि दाण्याचा संबंध तुटतो. त्यानंतर फवारलेलं औषध पाल्यात आणि देठात राहतं. पण दाणा अजून झाडाकडून खात असेल, तर झाड त्याला जे मिळेल ते भरवतं. औषधसुद्धा. असा दाणा सुरकुततो, आतून हिरवा राहतो, आणि प्रयोगशाळेत गेला की पकडला जातो. बाहेरचे खरेदीदार असला माल दारातूनच परत पाठवत.

तेव्हा फवाऱ्याच्या आधी प्रत्येक शेतात नखवाले जायचे. पाच ठिकाणांहून आत शिरायचं, प्रत्येक ठिकाणी दहा शेंगा उघडायच्या, त्यातल्या निम्म्या तरी शेंड्याच्या हव्यात. दाण्यावर नख दाबायचं. रुतलं तर थांबा. नाही रुतलं तर चालेल. दहातल्या किती शेंगांत नख रुतलं नाही, ते पाच जागांचे पाच आकडे कार्डावर लिहायचे, खाली सही करायची आणि बांधावरच्या काठीला फडका बांधायचा. पांढरा म्हणजे फवारा, लाल म्हणजे हात लावू नका. सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं. पानावर जाऊ नका, असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. पानं उन्हाने पिवळी पडतात, रोगाने पडतात, पाण्यावाचून पडतात. पान बघून पीक सांगणारा माणूस कपडे बघून आजार सांगेल.

फवारणीच्या ट्रॅक्टरवर एक बोलघेवडा माणूस होता. तो म्हणायचा, आपल्याला वर-खाली काही कळत नाही, पांढरं दिसलं की मी सोडतो, लाल दिसलं की मी झोपतो. लोक हसायचे, पण नखवाल्यांना ते आवडायचं. आपल्या फडक्यावर कोणी दुसरा विचारसुद्धा करत नाही, याचा त्यांना आतून फार अभिमान होता. मोठमोठे शेतकरी मागे लागत. हार्वेस्टर एकच, त्याच्या तारखा ठरलेल्या, एक तारीख हुकली की पंधरा दिवस नंबर लागत नसे. एकदा एकाने दुपारचं जेवण गाडीत आणून दिलं होतं. नखवाल्यांनी ते शांतपणे खाल्लं, डबा विसळून परत दिला आणि काठीला लाल फडका बांधून आले. ही गोष्ट कारखान्यात किती जणांनी किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही.

आणि चार वर्षांपूर्वी तोच लाल फडका त्यांनी आपल्या सख्ख्या बहिणीच्या शेतावर बांधला.

बहीण त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. नवरा गेल्यापासून ती एकटीच शेत बघत होती. मुलगी शिकायला लांब होती. त्या वर्षी हार्वेस्टर शेजारच्या गावात आलेला होता, तिचा नंबर सातव्या दिवशी होता, आणि भावाने शेंड्याच्या शेंगा उघडल्या तर नख लोण्यासारखं रुतलं. त्यांनी थांबा लिहिलं. ती म्हणाली, दादा, आठवडाभराचा तर प्रश्न आहे. ते म्हणाले, तेच मी म्हणतोय, आठवडाभर थांब. हार्वेस्टर निघून गेला. आठव्या दिवशी पीक तयार झालं आणि नवव्या दिवशी आभाळ फाटलं. अकरा दिवस पाणी थांबलं नाही. शेंगेत दाण्यांना मोड आले. उभं पीक तिने नांगराखाली घातलं.

त्यानंतर कारखान्याच्या वजनकाट्यापाशी, चाळीस माणसांसमोर, ती त्यांना म्हणाली होती की परका असता तर निदान त्याला माझी दया आली असती. ते तिथून निघून गेले. नियमाप्रमाणे ते बरोबर होते, आणि हे तिलाही माहीत होतं. म्हणून तर बोलणं पुढे वाढलं नाही, ते तसंच घट्ट बसून राहिलं. चार वर्षं दोघं एकमेकांच्या दारात गेले नाहीत. तिच्या शेताची तपासणी ते दुसऱ्या तपासनिसाकडे सोपवत.

या वर्षी दुसरा तपासनीस काविळीने पडला. तीनशे बारा शेतं एकट्या नखवाल्यांच्या वाट्याला आली. त्यात तिचंही.

ते तिकडे गेले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्या दिवशीचं ते अकरावं शेत. रस्ता उंचावर होता आणि शेत खाली उतरत गेलेलं, त्यामुळे मोटारसायकलवर बसल्या बसल्या सगळं दिसत होतं. पान न् पान पिवळं. आजूबाजूच्या सगळ्या शेतांपेक्षा पिवळं. त्यांनी गाडी बंद केली, पण स्टँड लावला नाही. एक पाय जमिनीवर टेकवून बसून राहिले.

आत उतरलं तर शेड वाटेत लागणार होती. शेडमध्ये ती असणार. काय बोलायचं? आणि समजा एखादी शेंग निघालीच ओली, तर पुन्हा लाल फडका? हार्वेस्टर आठ दिवसांवर आलेला असताना? पुन्हा तेच सगळं? त्यांच्या छातीवर चार वर्षं जे बसलेलं होतं ते त्या पिवळ्या रंगाकडे बघून थोडं हललं. या खेपेला तिला हो म्हणता येत होतं. पीकच हो म्हणत होतं.

त्यांनी कार्ड टाकीवर ठेवलं आणि पाच रकाने भरले. नऊ, नऊ, आठ, दहा, नऊ. आठ त्यांनी विचार करून लिहिला. सगळे नऊ लिहिले असते तर खोटे वाटले असते. सही केली. मग खाली वाकून बांधावरच्या काठीला पांढरा फडका बांधला आणि घरी आले. बायकोला म्हणाले, धाकटीचं शेत छान आलंय यंदा. बायको चमकून बघायला लागली. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी फवारणीवाल्याने पांढरं बघितलं आणि सोडलं.

माल कारखान्याच्या दारात आला तेव्हाच नमुना काढणाऱ्याने भुवया चढवल्या. मूठभर दाण्यांत अर्धे बारके, सुरकुतलेले, पोटात हिरवी झाक. नमुना प्रयोगशाळेत गेला. औषधाचं प्रमाण मर्यादेच्या सहापट निघालं. झालं होतं ते असं, की लाल कोळी नावाच्या किडीने पानांतला रस शोषला होता. पानं म्हातारी दिसत होती आणि शेंगा कोवळ्या होत्या. वाकून एक पान उलटं केलं असतं तरी मागच्या बाजूला कोळ्याची जाळी दिसली असती. शेंग उघडायचीही गरज पडली नसती.

कारखान्याच्या साहेबांनी बहिणीला आणि नखवाल्यांना बोलावून घेतलं. साहेब वयाने नखवाल्यांच्या मुलाएवढे, पण माणूस वाईट नव्हता. त्यांना काका म्हणायचा, स्वतः उठून खुर्ची द्यायचा. टेबलावर दोन कागद होते. एक कार्ड, एक प्रयोगशाळेचा अहवाल. साहेब दोन्हींकडे आळीपाळीने बघत होते, न जमणारं गणित बघावं तसे.

ते म्हणाले, कार्डाप्रमाणे पीक तयार होतं. काकांची सही आहे. तयार पिकात आमच्या फवाऱ्याने एवढं औषध उतरूच शकत नाही. म्हणजे एकच अर्थ निघतो. हार्वेस्टरची तारीख गाठायला तुम्ही आधीच स्वतःच्या हाताने एकदा फवारलंय. पीक कोवळं असताना. म्हणूनच ते लवकर पिवळं दिसलं.

पदराचं टोक बहिणीने मुठीत धरलं होतं. ती साहेबांकडे बघतच नव्हती, भावाकडे बघत होती. रागाने नाही. रांगेत आपला नंबर आला की माणूस खिडकीकडे बघतो ना, तशी.

साहेबांनी विचारलं, "काका, तुम्ही शेंगा उघडल्या तेव्हा काय होतं?"

खोलीत पंखा फिरत होता, कार्डाची कड उडत होती, साहेबांनी त्या कडेवर पेन ठेवलं. नखवाले त्या पेनाकडे बघत राहिले. सव्वीस वर्षं, आणि निवृत्तीला अठरा महिने.

"कार्डावर आहे तेच," ते म्हणाले.

बहिणीने मूठ सोडली. साहेबांनी विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? ती म्हणाली, नाही. उठली आणि गेली. चोरून फवारणाऱ्याला कारखान्याच्या यादीतून कायमचं काढत. त्या गावांमध्ये घेवडा घेणारा दुसरा कोणी नव्हता.

नखवाल्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. बायकोने काय झालं म्हणून विचारलं, तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मग ताट उचललं आणि एवढंच म्हणाली की कागद-पेन आणून देते. सकाळी ते एकपानी कबुली खिशात घालून साहेबांच्या दाराशी उभे राहिले. मी शेतात उतरलो नाही, एकही शेंग उघडली नाही, आकडे मनाचे आहेत, माझ्या बहिणीने काहीही चोरून केलेलं नाही. खाली सही, तारीख.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग उठून दार लावून घेतलं.

"काका, यंदा तुम्ही किती कार्डं भरलीत?"

"तीनशे बारा."

"त्यातलं एक खोटं. मग उरलेली खरी आहेत हे मी कुणाला कसं पटवू? खरेदीदार मालाला पैसे देतच नाही, तुमच्या सहीला देतो. हा कागद मी फाइलला लावला तर गोदामात भरलेला सगळा माल परत तपासायला जाईल. सहा महिने. तोवर त्याला कीड लागेल. तीनशे अकरा घरं, काका."

"पण तिने काही केलेलं नाही."

"मला माहीत आहे. तुम्ही खरं बोलताय ते दिसतंय. म्हणूनच मला हा कागद घेता येत नाही."

साहेबांनी कागदाची घडी केली, होती तशीच, त्याच घडीवर, आणि त्यांच्या हातात दिली. मग म्हणाले, एक करतो, कायमचं न काढता तीन हंगामांसाठी काढतो. दया म्हणून. शेरा मात्र तोच राहील, चोरून फवारल्याचा. नखवाल्यांच्या तोंडून सवयीने 'उपकार झाले' असं निघून गेलं, आणि ते शब्द त्यांना पायऱ्या उतरेपर्यंत कानात ऐकू येत राहिले.

तिथून ते थेट बहिणीकडे गेले. चार वर्षांनी. शेडपुढे तिने परत आलेला माल ओतून ठेवला होता. जनावरांना घालायची सोय नव्हती, विकायची तर नव्हतीच. ती फावड्याने तो पाट्यांत भरत होती. मागे एक खड्डा खणून ठेवलेला दिसत होता. त्यांना बघून ती थांबली नाही.

ते म्हणाले, मी कबूल केलंय साहेबांपाशी. सगळं सांगितलं, जे झालं ते.

"काय झालं होतं?" तिने विचारलं.

"मी आत उतरलो नव्हतो."

"ते मला माहीत आहे. मी शेडच्या मागे होते. गाडीवर बसून लिहीत होतास."

त्यांना खाली बसावंसं वाटलं, पण बसायला काही नव्हतं.

"मग हाक का नाही मारलीस? पानांवर कोळी आहे म्हणून सांगायचं होतंस."

"हाक?" ती फावडं टेकवून उभी राहिली. "मी कशाला मारू हाक? चार वर्षांत तू मारलीस? मी म्हटलं, येईल उतरून. आलाच नाहीस. सकाळी जाऊन बघितलं तर पांढरा फडका. मला शेंगा हिरव्या दिसत होत्या, दादा. मी स्वतः उघडून बघितल्या. तरी म्हटलं, दादाला लांबूनही कळत असेल, सव्वीस वर्षं बघतोय तो. आपल्याला काय कळतंय."

तिने शिव्या दिल्या असत्या तर नखवाल्यांनी त्या घेतल्या असत्या. हे कुठे ठेवायचं तेच त्यांना कळेना.

मग तिने विचारलं, साहेब काय म्हणाले? त्यांनी सांगितलं. तीन हंगाम, शेरा तोच. आणि कागद घेतला नाही. ती म्हणाली, दाखव. त्यांनी खिशातून काढून दिला. तिने हात पुसले, शेवटपर्यंत वाचला.

"वजनकाट्यापाशी जाऊन वाच हा. सगळे असतात तेव्हा. यादीतून काढायचं तर काढू देत. पण मी चोर नाही, एवढं लोकांना कळू दे."

मग साहेबांनी सांगितलं होतं तेच त्यांनी तिला सांगितलं. गोदाम, परत तपासणी, सहा महिने, तीनशे अकरा घरं. सगळं खरं होतं. सांगताना निवृत्तीचे अठरा महिने मात्र त्यांनी सांगितले नाहीत. तेही तितकेच खरे होते.

तिने नीट ऐकून घेतलं. "तीनशे अकरा," ती म्हणाली. "बरं आहे. मी एकटीच बाहेर."

तिने कागद त्यांच्या खिशात परत सरकवला आणि फावडं उचललं. पाटी भरली, डोक्यावर घेतली. उचलायला त्यांनी हात पुढे केला होता, तो तिने बाजूला केला नाही, पण त्या हाताची वाटही बघितली नाही. तोवर पाटी चढलेलीच होती.

पुढच्या हंगामात तिने शेत दुसऱ्याला कसायला दिलं. मुलीचं शिक्षण अर्ध्यावर होतं. कारखान्यात निवडीच्या पट्ट्यावर बायका लागत. सरकत्या पट्ट्यावरून घेवडा वाहत येतो, दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहून हिरवे, फुटके, डागी दाणे वेचून काढतात. ती तिथे रोजावर लागली. चोरून फवारणारी म्हणून पहिले दिवस तिच्या बाजूची जागा मोकळी राहायची. मग तिचा हात बघून बाया गप्प बसल्या. एकही हिरवा दाणा तिच्या हातून सुटत नसे. महिन्याभरात तिला पट्ट्याच्या टोकाला, चिठ्ठ्या लिहायच्या कामावर घेतलं. कोणत्या शेताचा माल, शंभरात हिरवे किती, हे लिहून ती चिठ्ठी ते शेत पास केलेल्या तपासनिसाकडे सहीसाठी न्यायची.

नखवाले पूर्वी तीन शेतांत जेवढा वेळ घालवायचे तेवढा आता एकाच शेतात घालवत. पाचऐवजी दहा ठिकाणांहून शिरत, हंगाम त्यांच्यापायी मागे पडायला लागला. शेवटी साहेबांनी ठरवलं की बहुतेक शेतांचं आता पेरणीच्या तारखेवरून दिवस मोजून ठरवायचं. सही मात्र काकांचीच. खरेदीदाराला ती सही माहीत होती.

अशा एका शेताचा माल पट्ट्यावर आला त्या दुपारी बहीण चिठ्ठी घेऊन त्यांच्या खिडकीशी आली. कारखान्याने दिलेली टोपी कानांवर ओढलेली, बोटांच्या टोकांना घेवड्याची धूळ. तिने चिठ्ठी आत सरकवली. शंभरात सात हिरवे; नीट तपासलेल्या शेतात एखादाच निघायचा. अक्षर गोल, स्वच्छ, लहानपणी त्यांनीच पाटीवर गिरवून घेतलेलं.

ते म्हणाले, हे शेत मी बघितलेलं नाही. दिवस मोजून पास झालंय.

"खाली तुमचं नाव आहे," ती म्हणाली. "सही करा. पट्टा थांबलाय."

त्यांनी वर बघितलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, चिठ्ठीवरच्या रिकाम्या ओळीकडे बघत होती. त्यांनी सही केली. तिने ती उजेडात धरून नीट तपासली, घडी न घालता हातात घेतली, आणि पट्टा सुरू करा म्हणून आत ओरडत निघून गेली.